पंखा फिरतो, पण मॅक ओळख देत नाही

आपल्या इंदूरच्या रामबागेतल्या एका मुलाचा प्रश्न आहे. तो लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो आणि अधूनमधून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टायटल, लोगो वगैरे फिरवतो. त्याच्याकडे २०१८ची इंटेलवाली मॅक मिनी आहे. तिला थंडरबोल्टच्या केबलनं जोडलेला इजीपीयूचा, म्हणजे बाहेरून लावायच्या ग्राफिक्स कार्डाचा डबा, आणि डब्यात एएमडीचं आठ जीबीचं रेडिऑन आरएक्स ५८०. मिनी आता दमली, टाइमलाइनवर क्लिप अडखळते, म्हणून तो ॲपलच्या स्वतःच्या एम-४ चिपेची नवी घेणार आहे. विचारतो, "काका, डबा तोच ठेवून नुसती मिनी बदलली तर चालेल ना? आणि ५८० नाहीच चाललं तर एनव्हिडियाचं ३०६० टाकू का? दुकानदार म्हणाला, थंडरबोल्ट आहे म्हणजे चालणारच."

नाही चालणार. ५८०ही नाही आणि ३०६०ही नाही. आधी हे सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचायच्या आत ऑर्डर देऊन मोकळा होशील.

पण दुकानदार तुला मुद्दाम फसवत होता असंही मला वाटत नाही. प्लग बसतो, केबल तीच, डब्यातला दिवा लागतो, पंखा फिरतो. इतकं सगळं झाल्यावर कुणालाही वाटेल की आता पडद्यावर चित्र येणार. २०२१ साली माझ्याकडे एक गिऱ्हाईक असंच आलं होतं, हातात एम-१ मिनी आणि काखेत डबा. तेव्हा ॲपलच्या मदतपानावर स्पष्ट लिहिलेलं होतं की इजीपीयूला इंटेल प्रोसेसरचा मॅक लागतो. पण ते पान वाचतो कोण! मी डबा जोडला आणि ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडलं. थंडरबोल्टच्या यादीत डब्याचं नाव व्यवस्थित दिसत होतं. पीसीआयच्या, म्हणजे कार्डांच्या जोडणीच्या, यादीत कार्डही होतं: विक्रेता क्रमांक १००२, म्हणजे एएमडी. लिंकची रुंदी चार लेन, तीही बरोबर. आणि त्याच्या शेजारी एक ओळ, ‘ड्रायव्हर इन्स्टॉल्ड: नो’.

सगळा मामला त्या एका ओळीत आहे. मॅकला दारात कुणीतरी उभं आहे हे दिसतं, त्याचं आडनावही वाचता येतं. पण त्याच्याशी बोलायची भाषा, म्हणजे ड्रायव्हर, घरात कुणालाच येत नाही. तू तुझ्या जुन्या मिनीवर हीच जागा उघडून बघ, तिथं ‘यस’ लिहिलेलं असेल.

आता ही भाषा आली कुठून आणि गेली कुठं, ते सांगतो. विंडोजवर कार्ड घेतलं की ड्रायव्हर आपण एएमडीच्या किंवा एनव्हिडियाच्या साइटवरून उतरवतो. कार्डवाली कंपनी तो बनवते, सुधारते, दर महिन्याला नवा काढते. मॅकवर एएमडीचं तसं कधीच नव्हतं. तिचे ड्रायव्हर मॅकओएसच्या पोटातच यायचे, ॲपल देईल तेवढेच आणि देईल तेव्हाच. इजीपीयूला अधिकृत पाठिंबा मिळाला तो मॅकओएस हाय सिएराच्या १०.१३.४ या आवृत्तीत, मार्च २०१८मध्ये. तुझं ५८० विनाखटपट चाललं, कारण त्याचा ड्रायव्हर आधीपासून आत बसलेला होता. आरएक्स ६८०० आणि ६९०० एक्सटी आली तेव्हा मॅकवाल्यांना २०२१च्या बिग सर ११.४पर्यंत वाट बघावी लागली. त्यानंतरच्या आरएक्स ७००० मालिकेला तर इंटेल मॅकवरसुद्धा ड्रायव्हर आला नाही. कार्ड बाजारात आहे, डब्यात बसतंय, वीज पुरतेय, आणि तरी उपयोग शून्य.

मग २२ जून २०२०ला ॲपलनं जाहीर केलं की मॅकमध्ये आता स्वतःच्या चिपा येणार. नोव्हेंबरात एम-१ आली. या चिपा आर्म जातीच्या, इंटेलच्या जातीच्या नाहीत. जे ड्रायव्हर इंटेलसाठी लिहिले होते ते इथं जसेच्या तसे धावणार नाहीत, आर्मसाठी नव्यानं बांधावे लागणार. ॲपलनं एएमडीचे ड्रायव्हर आर्मच्या मॅकओएसमध्ये घातलेच नाहीत. गोष्ट इथंच संपली.

इथं एक हुशार शंका निघते. एक-दोन पोरांनी मला विचारलंही आहे: रोझेटा आहे ना? जुनी इंटेलची सॉफ्टवेअरं रोझेटा भाषांतर करून चालवतं, मग ड्रायव्हरचं भाषांतर का करत नाही? कारण रोझेटा वरच्या मजल्यावर काम करतं, ॲप्लिकेशनसाठी. ग्राफिक्सचा ड्रायव्हर तळघरात असतो, कर्नेलला, म्हणजे मॅकओएसच्या गाभ्याला, चिकटून. तिथं रोझेटाला प्रवेशच नाही. आणि बाहेरच्या कुणी स्वतः ड्रायव्हर लिहायचा म्हटलं तर ॲपलनं गेल्या काही वर्षांत कर्नेलमध्ये बाहेरच्यांना यायची वाट अरुंद करत आणली आहे. त्याच्या बदल्यात ड्रायव्हरकिट नावाची व्यवस्था दिली, पण तिच्यात नेटवर्क, यूएसबी, ऑडिओ, साधी पीसीआय उपकरणं यांची सोय आहे. मॅकचं चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डासाठी दारच ठेवलेलं नाही.

केबलला किंवा चिपला हे जमतच नाही, असं मात्र समजू नकोस. २०२५ साली टायनी कॉर्प नावाच्या एका छोट्या कंपनीनं ॲपलच्या चिपवाल्या मॅकला बाहेरचं एएमडीचं कार्ड जोडून त्यावर एआयचं गणित चालवून दाखवलं. स्वतःचा ड्रायव्हर स्वतः लिहिला, तोही कर्नेलच्या बाहेर राहून. म्हणजे तार सक्षम आहे. पण त्यातून स्क्रीनवर चित्र येत नाही, फायनल कट किंवा दा विंची रिझॉल्व्हसारखी एडिटिंगची सॉफ्टवेअरं त्या कार्डाला हात लावू शकत नाहीत. तुझ्या कामाच्या दृष्टीनं ती सर्कस आहे. बघायला मजा, घरी आणायची नाही.

ॲपलनं हे असं का केलं, याबद्दल चहाच्या टपरीवर एकच उत्तर मिळतं: पैसे. मला ते अर्धंच खरं वाटतं. उरलेला अर्धा भाग मेमरीचा आहे, आणि नवी मिनी निवडताना तुला नेमका तोच समजून घ्यावा लागेल, म्हणून इथं जरा थांबतो.

वेगळं कार्ड म्हणजे दोन गोदामं. प्रोसेसरची रॅम एकीकडे, कार्डाची स्वतःची मेमरी दुसरीकडे. रॅममधली फ्रेम कार्डाकडे न्यायची, कार्डानं रंग चढवायचा, परत आणायची. सियागंजातून माल टेंपोत घालून राजवाड्यावर नेण्यासारखं आहे हे. गोदामात माल कितीही वेगानं हलू दे, टेंपो अडकतो तो मधल्या गल्लीत. तुझ्या ५८०च्या आत मेमरीचा वेग सेकंदाला २५६ जीबी आहे. आणि थंडरबोल्ट ३ची गल्ली? नावाला ४० गिगाबिट, पण कार्डाच्या वाट्याला पीसीआयच्या चार लेन येतात, प्रत्यक्षात सेकंदाला तीन जीबीच्या आसपास. त्यात डब्यातून रंगवलेलं चित्र परत मिनीत आणायचं असेल तर त्याच गल्लीतून उलटी वाहतूक. म्हणून इजीपीयू कधीच पीसीमध्ये बसवलेल्या त्याच कार्डाइतका धावला नाही. तू मॉनिटर थेट डब्याला लावला आहेस ना? मिनीला लावला असशील तर इतकी वर्षं तू अर्ध्या इंजिनवर गाडी चालवतोयस.

ॲपलच्या चिपेत गोदाम एकच. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही त्याच मेमरीतून उचलतात, टेंपोची गरजच नाही. एम-१मध्ये या मेमरीचा वेग ६८ जीबी होता. एम-४मध्ये १२०, एम-४ प्रोमध्ये २७३. म्हणजे निव्वळ आकडे मांडले तर साधी एम-४ तुझ्या २०१७च्या कार्डाच्याही मागेच आहे, आणि कच्च्या गणिताच्या ताकदीतही ५८० अजून पुढंच भरेल. तरी कामात एम-४ पुढं जाते, कारण मधली गल्लीच गायब झाली. शिवाय तिचं ग्राफिक्स वेगळ्या पद्धतीनं रंगवतं: पूर्ण चित्र एकदम न घेता त्याचे छोटे चौकोन पाडतं, आणि एकेक चौकोन चिपेच्या आतल्या आत पुरा करून मगच मेमरीत टाकतं. मेमरीच्या फेऱ्याच कमी होतात. फोनच्या चिपा वर्षानुवर्षं असंच करत आल्या आहेत, बॅटरी वाचवायला.

याची दुसरी बाजू आपल्या सराफ्यात रोज रात्री दिसते. दिवसा ज्या ओट्यावर सोन्याची दुकानं, त्याच ओट्यासमोर रात्री भुट्ट्याचा कीस आणि गराडू. जागा एकच, पण सराफ आणि खाऊवाले एकाच वेळी पसरले तर दोघांचीही पंचाईत. सोळा जीबीची मिनी घेतलीस म्हणजे ग्राफिक्सला सोळा मिळाले असं नाही. त्यातूनच मॅकओएस, रिझॉल्व्ह, ब्राउझरच्या चाळीस टॅब आणि ग्राफिक्स, सगळ्यांना भागवायचंय. ग्राफिक्सला साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांशापर्यंतच घेता येतात. आज तुझ्याकडे मिनीची रॅम वेगळी आणि कार्डाचे आठ वेगळे आहेत. ते आठ जीबी डब्याबरोबर जाणार, हे हिशेबात धर.

आणि एका गोदामाच्या या रचनेत बाहेरचं कार्ड बसवायचं म्हणजे पुन्हा दुसरं गोदाम आणि पुन्हा टेंपो. तेव्हा ॲपलचं हार्डवेअर सांभाळणारे जॉन टर्नस यांनी २०२३मध्ये याच अर्थाचं सांगितलं होतं: आम्ही सगळं सामायिक मेमरीभोवती रचलंय, त्यात बाहेरचा जीपीयू नीट कसा बसवायचा हे आम्हाला स्पष्ट दिसत नाही आणि त्या दिशेला जायचंही नव्हतं. निमित्त होतं त्या वर्षीच्या मॅक प्रोचं. एम-२ अल्ट्रा, एवढं मोठं लोखंडी धूड, आत पीसीआयचे स्लॉट, आणि त्यातल्या एकाही स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड चालत नाही! साउंडचं, नेटवर्कचं, कॅप्चरचं, साठवणीचं कार्ड लावा. २०१९च्या इंटेल मॅक प्रोमध्ये ज्यांनी रेडिऑनची महागडी मॉड्यूलं घेतली होती, त्यांना ती पुढं नेता आली नाहीत. जिथं दोन हातांवर स्लॉट असूनही मिळालं नाही, तिथं तुझ्या-माझ्या मिनीला केबलवरून कोण देणार?

आता एनव्हिडिया. ३०६०चा विचार तर सोडूनच दे, कारण ती गाडी ॲपलच्या चिपा यायच्या आधीच सुटलेली आहे. एनव्हिडियाची मात्र रीत निराळी होती, ती मॅकसाठी स्वतःचे ड्रायव्हर वेबवर द्यायची. ते हाय सिएरापर्यंत आले. सप्टेंबर २०१८मध्ये मोहावे ही पुढची मॅकओएस आली आणि मॅक्सवेल-पास्कल पिढीच्या कार्डांना, म्हणजे ९०० आणि १००० मालिकेला, ड्रायव्हर मिळालाच नाही. ट्यूरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांचा, म्हणजे तुझ्या ३०६०चाही, तर प्रश्नच आला नाही. क्युडा, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डावर गणित चालवणारी तिची व्यवस्था, तिची मॅकसाठीची शेवटची आवृत्ती १०.२, नोव्हेंबर २०१९ची.

यात माझेही पैसे गेलेत. चूक कुणाची म्हणशील तर सरळ माझीच. २०१८च्या पावसाळ्यानंतर एका स्टुडिओच्या दोन जुन्या २०१०च्या मॅक प्रोंसाठी मी दोन जीटीएक्स १०७० घेतली. मोहावे येऊन काहीच आठवडे झाले होते. प्रत्येक वेळी नव्या मॅकओएसचा वेब ड्रायव्हर थोड्या दिवसांत यायचाच, म्हणून मी मालकाला छातीठोक सांगितलं, दिवाळीपर्यंत येईल. दिवाळी गेली, संक्रांत गेली. त्याला ॲडोबीची नवी आवृत्ती हवी, तिला नवी मॅकओएस हवी, आणि माझं कार्ड हाय सिएराच्या खुंट्याला बांधलेलं. शेवटी दोन्ही कार्डं परत घेऊन त्याला ५८० बसवून दिली, फरक माझ्या खिशातून. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: ड्रायव्हर येणार आहे या भरवशावर कार्ड घ्यायचं नाही. आज, या आवृत्तीवर, चालतंय का तेवढं बघायचं.

जुन्या माणसांना यात नवल वाटणार नाही. २००६मध्ये पॉवरपीसीवरून इंटेलवर उडी मारली तेव्हाही जी-५ मधलं कार्ड नव्या मॅक प्रोमध्ये चाललं नव्हतं. कार्डावरचा रॉम, म्हणजे सुरू होतानाचा प्रोग्राम, जुन्या ओपन फर्मवेअर पद्धतीचा, नव्या मशीनला पाहिजे ईएफआय पद्धतीचा. लोक रॉम फ्लॅश करत बसायचे, मीही केलेत, आणि दोन-तीन कार्डांच्या विटा करून ठेवल्यात. साधं पीसीचं कार्ड मॅक प्रोमध्ये टाकलं की सुरुवातीची सफरचंदाची स्क्रीन यायचीच नाही. मिनिटभर काळ्या पडद्याकडे बघत बसायचं, मग ड्रायव्हर चढला की एकदम लॉगिन. तेव्हा निदान खटपटीला जागा होती. आता नाही.

आता तुझ्या कामाकडे येतो, कारण माझा संशय आहे की तुझं दुखणं ग्राफिक्स कार्डाचं नाहीच. तू म्हणालास, टाइमलाइनवर क्लिप चालवली की अडखळते, म्हणून मोठं कार्ड पाहिजे. क्लिप कुठल्या कॅमेऱ्याच्या? इंदुरात लग्नाच्या युनिटकडे हल्ली बहुधा सोनीचे ए-सेव्हन फोर किंवा त्याच्या जवळपासचे असतात, आणि शूट करणारा पोरगा मेनूत सगळ्यात भारी दिसणारं निवडतो: एच.२६५, १०-बिट, ४:२:२, म्हणजे साध्या ४:२:०पेक्षा रंगाची जास्त माहिती. ही क्लिप उलगडणं हे वेगळं काम आहे. ते ग्राफिक्सचे रंगवणारे कोअर करत नाहीत, चिपेतला स्वतंत्र व्हिडिओ डीकोडर करतो. तुझ्या ५८०चा डीकोडर ४:२:० उलगडतो, ४:२:२ नाही. मिनीच्या इंटेल ग्राफिक्सचंही तेच. म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि मिनी धापा टाकते. ३०६०लासुद्धा ४:२:२ येत नाही. एनव्हिडियाकडे ते २०२५च्या ५० मालिकेत आलं. आणि ॲपलच्या चिपेत ते एम-१पासून आहे.

खात्री करायला पाच मिनिटं पुरतील. ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ उघड, वरच्या ‘विंडो’ मेनूतून सीपीयू आणि जीपीयूच्या इतिहासाच्या दोन्ही खिडक्या समोर ठेव. रिझॉल्व्हमध्ये कोरी क्लिप चालव, रंग नको, इफेक्ट नको. सीपीयूच्या पट्ट्या छताला टेकल्या आणि जीपीयू निवांत पडलेला दिसला, तर दोष उलगडण्याचा आहे. कितीही मोठं कार्ड घाल, फरक पडणार नाही. मग त्याच क्लिपवर नॉईज रिडक्शन टाक आणि बघ. आता जीपीयू धावायला लागेल. तुझ्या दिवसभराच्या कामात पहिल्या प्रकारचं किती आणि दुसऱ्या प्रकारचं किती, यावर तुझी खरेदी ठरते.

हळद, संगीत, वरात, फेरे, रिसेप्शन. तीन कॅमेऱ्यांची मल्टिकॅम, साधं ग्रेडिंग, वर गाणं, आणि हजार फोटोंचा अल्बम सोबत. एवढंच असेल तर साधी एम-४ मिनी पुरते. फक्त मेमरी सोळावर थांबवू नकोस, चोवीस किंवा बत्तीसची घे. ही मेमरी नंतर वाढत नाही. तुझ्या २०१८च्या मिनीत मी उघडून आठची सोळा केली होती, आठवतंय? ती सोय गेली. मेमरी संपली की मॅक एसएसडीवर उसनवारी करते, आणि तुला ती फक्त ‘थोडी जड’ वाटते. साठवण मात्र कमी घेतलीस तरी चालेल, ती बाहेर लावता येते. दुकानदार उलटं सुचवेल, साठवण मोठी आणि मेमरी लहान, कारण शेल्फवर तयार तेच असतं. जास्त मेमरीची मागवावी लागली आणि आठवडाभर थांबावं लागलं तरी थांब.

नॉईज रिडक्शन, फ्यूजन, सहा-सात नोडचं ग्रेडिंग रोजचंच असेल तर एम-४ प्रोकडे बघ. तिचं ग्राफिक्स वीस कोअरपर्यंत आणि मेमरीचा वेग दुपटीहून जास्त. तू ज्यासाठी इजीपीयू लावला होतास ते काम तिथं आत करून मिळतं.

ब्लेंडरबद्दल दोन शब्द. त्याच्या सायकल्स या रेंडर इंजिनाला मेटलचा, म्हणजे ॲपलच्या ग्राफिक्स व्यवस्थेचा, आधार मार्च २०२२च्या ३.१पासून आहे आणि तो चांगला चालतो. एम-३पासून रे ट्रेसिंगही हार्डवेअरमध्ये आलं. लोगो आणि टायटलांसाठी तुला त्रास होणार नाही. पण उद्या कुणी आर्किटेक्ट गाठ पडला आणि पूर्ण टाउनशिपचा वॉकथ्रू मागू लागला, तर मॅकचा हट्ट धरू नकोस. त्या कामात एनव्हिडियाचं कार्ड लावलेला पीसी त्याच पैशात पुढं आहे, आणि त्या जगातली निम्मी प्लगिनं क्युडाशिवाय बोलतच नाहीत. तुला ३०६० घ्यायचंच असेल तर त्यासाठी घे, पीसीत घाल, आणि रात्री रेंडर तिकडे लावून झोप. डब्यात नको.

आणखी एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण तीच तुला आधी नडेल. तुझ्या मिनीवर ॲपलच्या बूटकॅम्पमधून घातलेलं विंडोज आहे, त्यावर तू एडियस हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर चालवतोस, कारण उज्जैनची आणि देवासची मंडळी तुला एडियसचेच प्रोजेक्ट पाठवतात. ॲपलच्या चिपेवर बूटकॅम्प नाही. मॅकच्या आत विंडोज चालवणाऱ्या पॅरलल्समध्ये आर्मचं विंडोज ११ चालतं, पण त्यात ग्राफिक्स कार्ड खोटं-खोटं असतं, आणि एडियससारख्या सॉफ्टवेअरची रोजी-रोटी त्यावर मी तरी टाकणार नाही. म्हणजे एडियस सोडायचं, किंवा त्यासाठी एक मशीन जवळ ठेवायचं.

म्हणूनच माझं मत: जुनी मिनी आणि डबा विकू नकोस. विकून हातात येणार काय? इजीपीयूच्या डब्याला आता गिऱ्हाईक उरलेलं नाही, आणि ५८०ला बाजारात कुणी किंमत देत नाही, कारण मायनिंगमध्ये रात्रंदिवस भाजलेली तीच कार्डं ढिगानं आली होती. ती जोडी विंडोज आणि एडियससाठी आहे तशी कोपऱ्यात राहू दे. मॅकओएसच्या बाजूनं मात्र तिचे दिवस मोजलेले आहेत. २०१८ची मिनी सिक्वोया या आवृत्तीपर्यंतच जाते. २०२५च्या टाहोमध्ये मोजकेच इंटेल मॅक घेतलेत, त्यात मिनी नाही, आणि टाहोनंतर तर इंटेलला रजाच. सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीला आणखी काही काळ येत राहतील. त्या थांबल्या की त्या मशीनवर बँक आणि गिऱ्हाइकांचा मेल उघडायचा नाही. ब्लेंडरनंही ५.०पासून इंटेल मॅक सोडला, तेव्हा तिथं ४.५ वर थांबायचं. आणि चालतंय तोवर उगाच अपडेटचं बटण दाबत बसू नकोस.

जुन्या जोडीकडून जास्तीत जास्त काढून घ्यायचं असेल तर रिझॉल्व्हच्या आयकॉनवर ‘गेट इन्फो’ करून ‘प्रिफर एक्सटर्नल जीपीयू’ला खूण आहे का बघ. आणि डबा काढताना वरच्या पट्टीतल्या चिन्हावरून आधी डिस्कनेक्ट कर, तार सरळ उपटू नकोस. तुझ्या मिनीचे दोनदा गेलेले प्रोजेक्ट मला तरी याच सवयीचे वाटतात. एप्रिल-मे मध्ये ५८०चा थर्मल पेस्टही बदलून घे, कंपनीचा आतापर्यंत खडू झाला असेल.

डबा रिकामा झालाच कधी, तर तोही नव्या मिनीला लावता येतो, फक्त ग्राफिक्स कार्डासाठी नाही. थंडरबोल्टमधून पीसीआय जातंच आहे. अडतं ते ड्रायव्हरवर, आणि एनव्हीएमई एसएसडीचा ड्रायव्हर मॅकओएसमध्ये आहे. एका एसएसडीचं साधं ॲडॉप्टर कार्ड घे, डब्याच्या स्लॉटमध्ये बसव, आणि चालू लग्नाचं फुटेज त्यावर ठेव. तीच चार लेनची गल्ली, पण एसएसडीला ती भरपूर होते. पंख्याचा आवाज तेवढा राहील. डब्याचा पॉवर सप्लाय शेकडो वॅटचा असतो, एसएसडीला दहा वॅटही लागत नाहीत, त्यामुळे हे जरा म्हशीला रिक्षा ओढायला लावल्यासारखं दिसतं. पण डबा तुझ्याकडे पडूनच आहे.

शनिवारी दुपारनंतर ये, सकाळी मी पोह्यांच्या रांगेत असतो. येताना डबा नको आणूस, जड आहे. नुसती ती अडखळणारी क्लिप पेनड्राइव्हवर आण, मोबाइलवर पाठवलेली नाही, थेट कॅमेऱ्याच्या कार्डातली. माझ्या टेबलावर एम-४ आहे. आधी तिच्यावर चालवून बघू, मग पैसे भर.